किटलीवर एक, मीटिंगमध्ये एक

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये ऑफिसातल्या बोलण्या-न बोलण्यावरची पत्रंच जास्त होती. तीन घेतली आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तरी आपल्या बडोद्याच्या मकरपुऱ्यात लोक माणूस चपलेवरून ओळखतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न : ताई, मी मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. नवे प्लांट हेड दर सोमवारी मीटिंगच्या शेवटी विचारतात, ‘कोणाला काही बोलायचंय? मोकळेपणानं बोला, आपण एक फॅमिली आहोत.’ सगळे खाली बघतात. दोन वर्षांपूर्वी, आधीचे साहेब असताना, मी बोललो होतो. दोन थ्रेड गेजची (आटे मोजायच्या साधनांची) कॅलिब्रेशनची, म्हणजे माप बरोबर दाखवतात ना ते तपासायची, तारीख उलटून गेली होती आणि त्यांच्यावरच माल पास होत होता. साहेब ‘गुड पॉइंट’ म्हणाले. पुढच्या महिन्यात मला सेकंड शिफ्ट लागली, ती पाच महिने. कारण कोणी सांगितलं नाही. आता कंपनीनं मोबाईलवर निनावी सर्व्हे पाठवलाय. खरं लिहू का? (गेजची गोष्ट आजही तशीच आहे.)

उत्तर : आधी सर्व्हेचं बघू. फॉर्म उघडा आणि सुरुवातीला काय विचारलंय ते वाचा. विभाग, वयोगट, नोकरीची वर्षं, स्त्री की पुरुष. तुमच्या क्वालिटीत माणसं किती? चार असतील तर ‘क्वालिटी, ३५ ते ४५, पाच वर्षांहून जास्त’ एवढं भरलंत की नाव लिहिल्यासारखंच. त्यामुळे जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत आहे ती तिथे नको. कँटीन, बस, ओव्हरटाइम, जे चाळीसजण लिहू शकतील ते खुशाल लिहा.

निनावीपणावर माझा विश्वास का नाही ते सांगते. १९९७ साली मी एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. कँटीनच्या भिंतीला आम्ही सूचनापेटी लावली. हिरवी, पत्र्याची, तिला छोटंसं कुलूप, किल्ली प्लांट मॅनेजरकडे. फेब्रुवारीत लावलेली पेटी गणपतीच्या सुमारास उघडली. अकरा चिठ्ठ्या आणि दोन गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. एक चिठ्ठी पेन्सिलनं, गुजरातीत लिहिलेली. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायखाली सापडत नाही. त्यातलं एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवतात, माल भरभर निघावा म्हणून, असं त्यानं लिहिलं होतं. मॅनेजरांनी चिठ्ठी टेबलावर तळव्यानं सपाट केली, दोनदा वाचली आणि मला म्हणाले, ‘रजेच्या अर्जांची फाइल आणा.’

मी आणली. अर्धा तास आम्ही दोघं अक्षर जुळवत बसलो, आणि जुळलं. त्या माणसाला कोणी एक शब्द बोललं नाही, फक्त डिस्पॅचला हलवलं. काडी काढली गेली, आठ दिवसांनी परत आली. पेटी पुढे तीन वर्षं भिंतीवर होती, तिच्यात पुन्हा एक चिठ्ठी पडली नाही. कोणाचं बोट गेलं नाही हे आमचं नशीब, त्यात माझी कर्तबगारी शून्य.

तेव्हा तुमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये माणसं खाली बघतात ती भित्री म्हणून नव्हे. त्यांना हिशेब येतो. मागच्या वेळी जो बोलला त्याचं काय झालं, हे साऱ्या शॉपला पाठ असतं, आणि तुमच्याकडे तो ‘मागचा’ म्हणजे तुम्हीच. नव्या साहेबांना हे माहीत नाही. ते ‘फॅमिली’ म्हणतात तेव्हा मनापासूनही म्हणत असतील, पण घरातसुद्धा थोरल्याचं चुकलं हे तोंडावर कोण सांगतं?

आपल्या बडोद्यात तर आणखी एक गंमत आहे. ऑफिसात सगळे भाई आणि बेन. मुंबईहून बदलून आलेल्यांना पहिले सहा महिने वाटतं, वा, काय बरोबरीचं वातावरण. पण साहेबाला अमुकभाई म्हणता आलं म्हणजे अमुकभाईला नाही म्हणता येतं असं नव्हे. त्यात आपली ती ‘वांधो नहीं’, म्हणजे ‘हरकत नाही’. लगेच, खालच्या पट्टीत आलं तर खरंच हरकत नसते. दोन सेकंद थांबून आलं तर हरकत आहे. मान हलवत, दारातून बाहेर पडताना आलं तर काम होणार नाही. आणि वर ‘जोई लईशुं’ (‘बघून घेऊ’) लागलं तर विषय संपला. मराठी माणूस दहा वर्षांत हे चारही सूर शिकतो आणि घरी येऊन बायकोशीही तसंच बोलायला लागतो. खरं बोलणं होतं ते गेटबाहेर, चहाच्या किटलीवर, म्हणजे टपरीवर, अर्धी कटिंग हातात धरून. तिथे प्लांटचे सगळे प्रश्न सुटलेले असतात.

आता तुम्ही काय कराल. मीटिंगमध्ये बोलू नका. चारचौघांत सांगितलेली चूक साहेबाला चूक वाटत नाही, हल्ला वाटतो. त्यांना दहा मिनिटं एकटं गाठा, सकाळी शॉपचा राउंड संपल्यावर. हातात कागद असू द्या. गेज नंबर अमुक, कॅलिब्रेशनची तारीख अमुक, त्यानंतर या गेजवर इतके नग पास झाले. विशेषण एकही नको. ‘कायम दुर्लक्ष होतं’ नको, ‘मी आधीच सांगितलं होतं’ तर अजिबात नको, मोह झाला तरी. आणि शेवटी प्रश्न विचारा, ‘यांचं काय करू या?’ भिंतीवर आयएसओ ९००१ चं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेचं, सर्टिफिकेट असेल तर मापाची साधनं तपासलेली असणं ही त्यातलीच अट आहे. साधन बिघडलेलं निघालं तर त्यावर आधी मोजलेल्या मालाचं काय, तेही बघावं लागतं. म्हणजे ऑडिटर विचारायच्या आधी तुम्ही साहेबांना वाचवताय. हे त्यांच्या लक्षात आलं पाहिजे, तुम्ही बोलून दाखवायचं नाही. बाहेर आल्यावर चार ओळींचा मेल टाका, ‘आज बोलल्याप्रमाणे’ असा. शिफ्टचं जुनं दुखणं त्यात मिसळू नका, ते वेगळं बोला, महिन्याभरानं.

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावी लागते, मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येनं. कागदावर ती बहुतेक ठिकाणी असते. तुम्ही सुपरव्हायझरच्या पगारात असाल तर ‘कामगार’ म्हणून तुमची गणती होईलच असं नाही, पण शॉपवरच्या मुलांना ती असते हे सांगून ठेवा.

आणि ते प्लांट हेड हे सदर वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नोंदी जास्त. तिथल्या नर्सेस चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. साहेब, तुमच्या शॉपचं रिजेक्शन रजिस्टर एकदा चाळा. ज्या महिन्यांची पानं कोरी आहेत तिथे जरा थांबा. आणि सोमवारी ‘बोला’ म्हणण्याऐवजी आपल्याकडून गेल्या आठवड्यात काय चुकलं ते एक सांगा, तेही खरं. ‘मी जरा जास्तच काम करतो’ हे चालणार नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, एका खासगी कंपनीत अकाउंट्सची हेड आहे. माझ्या हाताखाली ५३ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीत ते आणि माझे बाबा बरोबरीनं राबलेले, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांना काका म्हणते. जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचं पोर्टलवर येणारं पत्रक) जुळवताना दर महिन्याला त्यांच्या चुका निघतात. मी रात्री बसून दुरुस्त करते. एप्रिलमध्ये अप्रेझल आहे. त्यांना न दुखावता कसं सांगू?

उत्तर : रागावणार नसाल तर बोलते. तुम्ही काकांशी खोटं बोलताय, दर महिन्याला, १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत. २बी आलं की ते जुळवतात, तुम्ही रात्री निस्तरता, ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, वेळेत भरलं जातं, आणि काकांना वाटतं आपलं काम चोख आहे. एप्रिलमध्ये तुम्ही अचानक ‘सुधारणेची गरज’ लिहिलंत तर ते विचारतील, ‘बेटा, वर्षभर का नाही बोललीस?’ याला तुमच्याकडे उत्तर नाही.

अप्रेझलपर्यंत थांबायचंच नाही. या महिन्याचं २बी आलं की त्याच दिवशी. केबिनमध्ये बोलावू नका, त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून शेजारी बसा, समोर नको. हाक ‘काका’च राहू द्या. त्या दिवशी ‘सर’ म्हणालात तर त्यांना नोटीस मिळाल्यासारखं होईल.

बोलायचं कशावर, तर शीटवर. ‘काका, हल्ली तुमचं लक्ष नसतं’ हे वाक्य काकांवर आहे. ‘काका, ही सहा बिलं २बीमध्ये दिसत नाहीत आणि आपण त्यांच्या कराचं क्रेडिट घेतलंय’ हे बिलांवर आहे. फरक शब्दांच्या नरमपणाचा नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अशा सांगण्याबद्दलचे, म्हणजे फीडबॅकबद्दलचे, सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीनं सांगण्याचा उपयोग होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा सांगितल्यानंतर काम सुधारायच्या ऐवजी खालावलेलं निघालं. त्यांनी कारण मांडलं ते असं की माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की घात होतो. कौतुकानंसुद्धा तसं होऊ शकतं. म्हणून ‘काका, तुमच्याइतका अनुभव कोणाचा आहे’ असा साखरेचा पाक घालून मग बिलं काढू नका. त्यांनी आयुष्यभर साहेब लोकांचा पाक चाखलाय, पुढे कडू येतंय हे त्यांना पहिल्या घोटाला कळतं.

मग गप्प बसा. खरंच गप्प. ते शीट कसं जुळवतात ते बघा. मी एका ठिकाणी अशीच बसले होते, तर कळलं की त्या गृहस्थांना स्क्रीनवरचे जीएसटीआयएनचे (जीएसटी नंबरचे) पंधरा आकडे-अक्षरं नीट दिसतच नव्हती. शून्य आणि ओ एक व्हायचं. ते प्रिंट काढून, पट्टी ठेवून, लाल पेननं खुणा करायचे. चष्म्याचा नंबर बदलायला नेलं, निम्म्या चुका गेल्या. तुमच्या काकांचं तेच असेल असं नाही. पण विचारा, ‘माझ्यामुळे काही अडतं का?’ आणि उत्तराची तयारी ठेवा. कदाचित परचेसची बिलं तुमच्याच ट्रेमध्ये आठवडाभर पडून असतील आणि त्यांना ती १३ तारखेला मिळत असतील.

अप्रेझलमध्ये दोन्ही लिहा. आपल्या सयाजीरावांचं उदाहरण घ्या. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले आणि १९०६ पर्यंत होते. महाराजांनी त्यांना एकदा प्रशस्तिपत्र दिलं, हुशारी आणि कर्तबगारीचं, आणि त्यातच वेळ पाळत नाहीत, नियमितपणा नाही असंही नोंदवलं. म्हणून एकाची दुसऱ्यात भर किंवा वजाबाकी केली नाही. पुढे हा माणूस योगी अरविंद झाला, पण त्या दिवशी तो उशिरा येणारा नोकर होता, हे महाराजांना दिसत होतं.

बाबांना मात्र मध्ये घालू नका. ‘तुम्हीच जरा बोला ना त्यांच्याशी’ हा आपल्या लोकांचा लाडका मार्ग आहे, आणि गणपतीच्या मांडवात त्याचा वास वर्षानुवर्षं राहतो.

प्रश्न : राजीनामा दिलाय. एचआरनं एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म दिलाय. साहेबांच्या आरडाओरड्यामुळे सोडतेय हे लिहू, की ‘पर्सनल रीझन’?

उत्तर : असे फॉर्म मी बावीस वर्षं भरून घेतले आणि फाइलला लावले. त्यातले किती वाचले, विचारू नका. ‘पर्सनल रीझन’ इतके यायचे की वाटावं, अख्ख्या मकरपुऱ्याचे संसार मोडताहेत.

तुमच्या मागे राहणाऱ्या एखाद्याच्या उपयोगाचं असेल तर एकच गोष्ट सांगा, एकाच प्रसंगासकट. कोणत्या दिवशी, कोणासमोर, काय शब्द. लिहून नको, एचआरच्या बाईंना समोरासमोर. बाकीचा संताप मैत्रिणींसाठी ठेवा. ओरडण्यात अंगलटीचा किंवा अश्लील भाग असेल तर ती गोष्ट या फॉर्मची नाही. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी, तिथे प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. राजीनामा दिला म्हणून हक्क जात नाही.

आणि साहेबांना तोंडावर सुनवायचंच असेल तर फुल अँड फायनल (शेवटच्या हिशेबाचे पैसे) बँकेत आणि रिलीव्हिंग लेटर पर्समध्ये आल्यावर. तोवर इच्छा उरली तर किटलीवर बोलवा, चहाचे पैसे तुम्ही द्या.