नव्या ट्रॅक्टरची लिफ्ट पुन्हा पुन्हा बसते तेव्हा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. दसऱ्याला घेतलेला ट्रॅक्टर लिफ्टच्या, म्हणजे मागचे अवजार उचलून धरणाऱ्या यंत्रणेच्या, एकाच तक्रारीसाठी चार वेळा वर्कशॉपात जाऊन येतो, दर वेळी ‘काम झाले’ म्हणून परत मिळतो, आणि पऱ्हाटीचे वावर रोटाव्हेटरने अर्धेही होत नाही तोच लिफ्ट पुन्हा खाली बसते, हे वाचून तुझ्या संतापाचे मला नवल वाटले नाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर आणि मृग तोंडावर असताना शांत राहा असे सांगणाऱ्याचा रागच येतो, म्हणून ते न सांगता तुझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. शोरूमच्या दारात ट्रॅक्टर आडवा लावून उपोषणाला बसावे का, असे तू विचारले आहेस. बसू नकोस. त्या दिवशी गर्दी जमेल, मालक बाहेर येऊन हात जोडेल, ट्रॅक्टर पाचव्यांदा आत जाईल आणि आणखी एक सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, बदलून बाहेर येईल. परंतु त्या साऱ्या गोंधळातून तुझ्या उपयोगाची एकही ओळ कागदावर उतरणार नाही. तुझे म्हणणे पूर्ण खरे आहे, पण आज ते कोणत्याही कागदावर नाही, आणि आधी तेवढे दुरुस्त करायचे आहे.

तू पाठवलेली चारही जॉबकार्डे, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीचे कागद, मी पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्यावर ‘लिफ्ट चेक’ एवढेच लिहिले आहे. दुसऱ्यावर ‘जनरल चेकअप’, तिसऱ्यावर ‘सील बदलले, ऑइल टाकले’, आणि चौथ्यावर तर लिफ्टचा उल्लेखच नाही, फक्त सर्व्हिसची नोंद आहे. दोन कार्डांवर अवर मीटरचा, म्हणजे इंजिन किती तास चालले त्याचा, आकडा रिकामा सोडला आहे. चारही ठिकाणी ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली तुझी सही आहे. हे कागद उद्या तिऱ्हाईत माणसाने पाहिले, तर त्याला एक कास्तकार आपल्या नव्या ट्रॅक्टरची वेळोवेळी देखभाल करून घेतो आणि खूश होऊन घरी जातो, एवढेच दिसेल. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, ही तुझ्या तक्रारीतली सर्वांत मोठी गोष्ट त्यात कुठेच सापडत नाही. यात तुझा दोष काढत नाही. काउंटरवरचा मुलगा संगणकावर जे टाकतो त्याखाली सही करायची, अशीच आपल्याकडे पद्धत पडली आहे. यापुढे मात्र तक्रारीचे शब्द तुझे असले पाहिजेत आणि दर वेळी तेच असले पाहिजेत.

ते शब्द कसे असावेत, हे नमुन्यादाखल लिहून देतो: ‘रोटाव्हेटर जोडून सुमारे तासभर काम केल्यावर, तेल गरम झाल्यानंतर, लिफ्ट अवजार वर धरून ठेवत नाही, थंड असताना ही तक्रार नसते, यापूर्वी अमुक अमुक तारखांना याच तक्रारीसाठी ट्रॅक्टर आणला होता.’ त्यापुढे अवर मीटरवरचा त्या क्षणीचा आकडा. ‘पंप खराब आहे’ किंवा ‘कंपनीने जुना माल बसवला’ असे निदान किंवा आरोप तू लिहू नकोस, कारण निदान चुकले तर सगळी तक्रारच चुकीची ठरवली जाते. जॉबकार्डावर हे लिहून घ्यायला नकार मिळाला, तर तिथेच साध्या कागदावर अर्ज लिही, एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का व तारीख घे, आणि शिक्काही नाकारला तर त्याच दिवशी तोच मजकूर डीलरच्या आणि कंपनीच्या ईमेलवर पाठव.

आता दोषाविषयी. तू लिहितोस की वर्कशॉपात लिफ्ट व्यवस्थित चालते आणि मेकॅनिक तुझ्याकडेच संशयाने पाहतो. संध्याकाळी चढणारा हिवताप सकाळी दवाखान्यात उतरलेला असतो, तसे हे आहे. तू ट्रॅक्टर रिकामा चालवत नेतोस, तो तासन्तास रांगेत उभा राहतो, तेल थंड होते, आणि मग मेकॅनिक अवजाराशिवाय लिफ्ट दोनदा वरखाली करून ‘ओके’ लिहितो. अशा चाचणीत हा दोष दिसणारच नाही. हायड्रॉलिकचे तेल गरम झाले की पातळ होते, आणि पंपाच्या आत झीज असेल तर ते आतल्या आतच मागे गळते. म्हणून थंड असताना उचलणारी लिफ्ट गरम झाल्यावर उचलत नाही. याउलट अवजार वर उचलून इंजिन बंद केले आणि ते थोड्याच वेळात जमिनीला टेकले, तर संशय सिलिंडरच्या सीलवर किंवा तेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हवर जातो. लिफ्ट झटके देत उचलत असेल आणि पंपाचा आवाज येत असेल, तर तेल खेचण्याच्या बाजूची जाळी तुंबली आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे, असे समजतात. ही तिन्ही लक्षणे तू स्वतः तुझ्या धुऱ्यावर तपासू शकतोस. दोनदा सील बदलूनही तक्रार तेल गरम झाल्यावरच येते, या तुझ्या एका वाक्यावरून मला वाटते की सील बदलण्याचा मार्गच कदाचित चुकीचा होता. परंतु हे माझे मत आहे. ते निदान म्हणून कुठे लिहू नकोस. तू मागणी एवढीच कर, की तपासणी अवजार जोडून, शेतात, तेल गरम होईपर्यंत काम करून, तुझ्यासमोर व्हावी आणि हायड्रॉलिकचा दाब मोजून तो आकडा जॉबकार्डावर लिहावा.

त्याआधी आपली बाजू तपासून घे, कारण कंपनीचा माणूस आला की पहिले प्रश्न तुलाच विचारील. रोटाव्हेटरचे वजन पुस्तिकेत दिलेल्या लिफ्टच्या क्षमतेत बसते का? तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच आहे का, आणि त्याची पातळी बरोबर आहे का? पहिली सर्व्हिस ठरलेल्या तासांना झाली का? ट्रॅक्टरची वॉरंटी बहुतेक वेळा वर्षे आणि तास या दोहोंपैकी जे आधी संपेल त्यावर असते, त्यामुळे भाड्याने भरपूर चालणाऱ्या ट्रॅक्टरची मुदत कॅलेंडरच्या आधीच संपू शकते. पुस्तिकेची शेवटची पाने सावकाश वाच. टायर, बॅटरी आणि डिझेल पंप यांची हमी बहुधा त्या त्या भागाच्या उत्पादकाकडे असते, तर फिल्टर, पट्टे, क्लच प्लेट असे झिजणारे भाग वगळलेले असतात. लिफ्टचा पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्ह तुझ्या पुस्तिकेत कोणत्या यादीत आहेत, ते शोधून खूण करून ठेव. आणि वैतागून गावातल्या मिस्त्रीकडून लिफ्ट उघडू नकोस. त्याचा हात कितीही चांगला असला, तरी एकदा बाहेरचा पाना लागला की पुढचा सगळा वाद त्या पान्यावर जातो.

डीलर आणि कंपनी हे दोन वेगळे आहेत, हे लक्षात ठेव. डीलरकडचा मेकॅनिक भाग बदलतो, पण पंप किंवा संपूर्ण लिफ्टचा संच वॉरंटीत बदलायचा तर मंजुरी सहसा कंपनीकडूनच यावी लागते, आणि तुझी तक्रार तिथपर्यंत पोचली आहे असे तुझ्या कागदांवरून दिसत नाही. म्हणून आता पत्र थेट कंपनीला, तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, प्रत डीलरला, असे लिहायचे. त्यात खरेदीची तारीख, चेसिस आणि इंजिन क्रमांक, चार भेटींच्या तारखा, वर दिलेल्या शब्दांतली तक्रार, आणि पंधरा दिवसांत कंपनीच्या सेवा अधिकाऱ्याने शेतावर येऊन तपासणी करावी ही मागणी, एवढेच असावे. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठव आणि पावती फाइलला लाव. समाधानाच्या रकान्यात यापुढे ‘शेतात चालवून पाहिल्यानंतर कळवतो’ असे लिहून मगच सही कर. तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तर तोही काम होऊन निदान एक दिवस शेतात चालवल्याशिवाय देऊ नकोस.

मेकॅनिकांशी मात्र वाईट बोलू नकोस. तुला ‘वरून पंप मिळत नाही’ असे कानात सांगणारा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, आणि त्याचे ते बोलणे व्हिडिओत टाकलेस तर त्याची नोकरी जाईल. तुझा पंप त्याने येणार नाही.

नुकसानीचा हिशेब आतापासूनच ठेवायला लाग. वखरणीला किंवा पेरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावावा लागला, तर त्याच्याकडून तारीख, काम, एकर आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती घे, आणि पैसे शक्यतो मोबाइलवरून दे, म्हणजे बँकेतही नोंद राहील. लिफ्ट बसतानाचा व्हिडिओ काढशील तेव्हा अवर मीटर, अवजार आणि वावर एकाच चित्रणात दिसू दे. मध्ये तोडलेल्या व्हिडिओवर शंका घेता येते. हप्ता थांबवायचा विचार तू लिहिला आहेस, तो पूर्णपणे सोडून दे. बँकेचा करार बँकेशी आहे, ट्रॅक्टर बिघडल्याने तो थांबत नाही, आणि थकबाकी झाली की बिघडलेला का होईना, तुझा पुरावाच ओढून नेला जाईल.

पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदव. तिथे आदेश होत नाही, पण कंपनीकडे विचारणा जाते आणि अनेकदा तेवढ्यानेच अधिकारी शेतावर येतो. तेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. सदोष नव्या गाडीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच आधार. या कायद्याने तू राहतोस त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीच्या गावी जावे लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते, पाच ते दहा लाखांच्या खरेदीला २०० रुपये फी आहे, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. डीलर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष कर. एकालाच केलेस तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवील.

तू भाड्याने दुसऱ्यांची वावरेही करतोस, म्हणून तू ‘ग्राहक’च नाहीस असे तुला डीलरच्या माणसाने सांगितले. ते मनावर घेऊ नकोस. नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने वगळली आहे हे खरे, परंतु स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यातून मुद्दाम बाहेर ठेवली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की यंत्र किंवा वाहन स्वतः चालवणाऱ्याने मदतीला एक-दोन माणसे घेतली, तरी तो ग्राहकच राहतो. तू स्वतः चालवतोस आणि घर त्यावर चालते, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिही.

मागणी करताना मात्र अपेक्षा नीट ठेव. तुला नवा ट्रॅक्टर हवा आहे, हे मी समजू शकतो. पण २००६ साली मारुती उद्योगाच्या प्रकरणात, वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असताना अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही. उलट २०१० मध्ये फियाटच्या एका मोटारीच्या प्रकरणात, स्वतंत्र तज्ज्ञाने मुळातला उत्पादन दोष आहे असे मत दिल्यास किंमत परत करावी, असे त्याच न्यायालयाने सांगितले. म्हणजे सगळे तज्ज्ञाच्या मतावर येते. कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. तो अर्ज तक्रारीसोबतच दे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीच्या विभागाकडे, किंवा जवळच्या आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या निदेशकाकडे लेखी मत मिळेल का, याची चौकशी तू आधीच करून ठेव. मागण्या क्रमाने लिही: आधी लिफ्टचा संपूर्ण संच नवा आणि वाया गेलेल्या काळाएवढी वाढीव वॉरंटी, ते शक्य नसेल तर ट्रॅक्टर बदलून किंवा किंमत परत, आणि दोन्ही परिस्थितींत भाड्याच्या ट्रॅक्टरचा खर्च व त्रासाची भरपाई. माझ्या मते पहिली मागणी मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि तुझी पेरणी वाचवायला तीच पुरेशी आहे.

या आठवड्यात तू एवढे कर: वर्कशॉपमधून चारही भेटींच्या नोंदींच्या शिक्क्यासह प्रती माग, कारण संगणकात कागदावर नसलेला मजकूरही असू शकतो, आजचा अवर मीटरचा फोटो काढ, आणि कंपनीच्या पत्राचा मसुदा तुझ्या हाताने लिहून मला पाठव. तो वाचून दुरुस्त्यांसह दोन दिवसांत परत करतो. तोपर्यंत ट्रॅक्टर पाचव्यांदा वर्कशॉपात नेऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.