भुसावळहून समुद्रकिनारा आणि पाण्यातले खेळ, दोन्ही एकाच सहलीत कुठे होतील?

मालवणला जा; तारकर्ली आणि देवबाग लागूनच आहेत. आपल्याकडच्यांना सोय अशी की मंगला एक्सप्रेस भुसावळहून थेट कोकण रेल्वेवर जाते, मुंबईत गाडी बदलावी लागत नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे रस्त्याने मालवण. आम्ही घरचे सगळे याच गाडीने जातो. स्कूबा, स्नॉर्केलिंग तिथे होतं, पण वेळ कमी असेल तर आधी सिंधुदुर्ग किल्ला बघा. १६६४ मध्ये शिवरायांनी पाया घातलेला हा किल्ला चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींना गोडं पाणी! पोरांना ते हमखास दाखवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जळगाव-भुसावळचं ऊन चुकवायला मे महिन्यात गेलात तर तिथला दमटपणा छळतो, आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या, पाण्यातले खेळ बंदच असतात. एक मात्र नक्की पाळा: तापीत किंवा विहिरीत पोहणाऱ्यानेही देवबागला संगमाजवळ पाण्यात उतरू नये. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते, ओहोटीला ओढ जबर असते. आधी स्थानिक होडीवाल्याला विचारा.