रेकमेंडेशन लेटर कोणाकडे मागू?

फेलोशिपचे फॉर्म सुटले की दरवर्षी हा प्रश्न घेऊन मुलं येतातच, "मॅडम, माझी कुणा मोठ्या माणसाशी ओळख नाही, मला लेटर कोण देणार?" त्यातल्याच एका मुलीबद्दल लिहितेय, तिला विचारून आणि तपशील बदलून.

ती अमेरिकेत शिकायला मिळणाऱ्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला अर्ज करत होती. तिथे किमान 3 वर्षं पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो, तो तिच्याकडे होता, एका संस्थेतर्फे गावोगाव पाण्याचे सर्व्हे केलेले. प्रश्न होता तो लेटर्सचा. यादीत कोण, तर एक माजी कुलगुरू ज्यांच्या हातून एकदा बक्षीस घेतलेलं, एक आमदार, आणि कॉलेजचे एचओडी, जे आधीच म्हणाले होते "तूच लिहून आण, मी सही करतो."

दोन-तीन भेटी या यादीतच गेल्या. मग मी विचारलं, "तुझी चूक कोणी पाहिलीय?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "संस्थेतल्या ताईंनी. तीन गावांचे आकडे चुकले होते माझ्याकडून. मीच जाऊन सांगितलं, आठ दिवस परत फिरून सगळं नव्याने भरलं."

"मग ताई यादीत का नाहीत?"

"त्या खरं लिहितील ना, मॅडम."

आणि रडायलाच लागली. मला तेव्हा कळलं की हिला ओळख नसल्याची भीती नाहीच, ओळखणाऱ्या माणसाला आपल्याबद्दल काय वाटतं ते विचारायची आहे, आणि मोठी नावं सेफ वाटतात कारण ती आपल्याला ओळखतच नाहीत. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर काम करते, "सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे" यातला तो "पाहिजे" सापडला की माझं अर्धं काम होतं, आणि त्या दिवशी तो सापडला याचं मला आजही समाधान आहे.

तर मुलांनो, ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याच्याकडेच जा. एक तुम्हाला शिकवलेलं माणूस आणि एक तुमच्याकडून काम करून घेतलेलं माणूस तरी हवंच. "लेटर द्याल का" असं नका विचारू, "माझ्याबद्दल सविस्तर लिहिता येईल का" असं विचारा म्हणजे त्यांनाही नाही म्हणायला जागा राहते. महिना-दीड महिना आधी सांगा, सोबत सीव्ही, एसओपी (काय आणि का शिकायचंय ते सांगणारं तुमचं निवेदन) आणि त्यांना आठवावेत असे दोन-चार प्रसंग लिहून द्या, पण अख्खं लेटर स्वतः लिहू नका, सगळी लेटर्स एकाच हातची वाटली तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

तिने माझ्यासमोरच ताईंना फोन लावला. हो म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "ती तीन गावं कुठली होती गं? नावं पाठव मला."