प्रश्न तुमचे: सुई, गोळी आणि वावरातलं काम

प्रश्न: मामाजींचं वय ५८. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी ते सकाळ-संध्याकाळ घेतात. साखर उतरेना म्हणून महिन्याभरापूर्वी ३०/७० इन्सुलिन लागलं, सकाळी १२ युनिट आणि रात्री ८. तेव्हापासून कापूस वेचताना अकराच्या सुमारास हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो. एकदा मोजली तर साखर ५८ निघाली. गोळ्या बंद कराव्या की इन्सुलिन?
(एक सून, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: ताई, घरच्या घरी काहीच बंद करू नका. पण पुढची सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि ५८ हा आकडा, वेळ, आदल्या दिवशीचं जेवण, सगळं सांगा.

३०/७० मध्ये १०० पैकी ३० भाग इन्सुलिन लवकर काम करणारं, ७० भाग सावकाश चालणारं. सातला टोचलं की लवकरचं इन्सुलिन नऊ ते अकरा जोरात असतं आणि तेवढ्यात सावकाशचंही भरात येतं. त्यात ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. वरून वेचणी, म्हणजे अंगातले स्नायू साखर ओढतात. आणि शिदोरी सुटते एक वाजता! साखर घसरणार नाही तर काय होईल?

मेटफॉर्मिनचं तसं नाही. ती यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, एकटीनं साखर सहसा पाडत नाही, आणि तिच्या सोबतीनं इन्सुलिनही कमी लागतं. म्हणून ३०/७० सुरू झाल्यावर बहुधा मेटफॉर्मिन चालू ठेवतात, ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद करतात. जोडगोळीत एकीला वगळता येत नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आता नुसती मेटफॉर्मिन चालेल का?’ जोडगोळी मोडून अर्धी मात्र देऊ नका. तिच्यातली मेटफॉर्मिन हळूहळू सुटणारी असेल तर मोडल्यावर एकदम सुटते. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतं का पाहणारी रक्ताची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या. मूत्रपिंड कमजोर झालं की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही अंगात जास्त वेळ टिकतात.

जेवणाचं ताट वाढल्याशिवाय सुई भरायचीच नाही. नुसत्या चहावर वावरात जाणं आता बंद. दहाला अर्धी भाकर किंवा मूठभर फुटाणे खाऊ द्या. कामाच्या दिवशी मांडीऐवजी पोटावर टोचा, बेंबीपासून दोन बोटं दूर, रोज जागा बदलून. चालण्यानं मांडीतलं इन्सुलिन लवकर भिनतं.

थरथर सुटली की चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांनी मोजा, ७० च्या वर आली नाही तर पुन्हा पाजा. शेंगदाण्यानं ते काम होत नाही, त्याला फार वेळ लागतो. साखर वर आली की भाकर खायला द्या आणि त्या दिवशी काम थांबवा. ग्लिमेपिराइडनं आलेली घसरण काही तासांनी परत येऊ शकते, म्हणून रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका, दोन-तीन वाजता एकदा मोजा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

प्रश्न: आधी लाल टोपणाच्या सिरिंज मिळायच्या, आता नारिंगी मिळाल्या. चालतील?
(एक वाचक, वाशिम जिल्हा)

उत्तर: इन्सुलिनच्या बाटलीवर ४० (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) लिहिलं असेल तर नाही, भाऊ. ४० ला लाल, १०० ला नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंज १० च्या खुणेपर्यंत भरली तर अंगात चारच युनिट जातात. उलट पेनच्या काडतुसातलं १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं तेवढंच ओढलं तर २५ युनिट जातात. ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: घरी फ्रिज नाही. उन्हाळ्यात बाटली कुठे ठेवू?
(एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: मोठ्या माठात वाळू भरून ती भिजवा, तिच्यात लहान मडकं बसवा. बाटली झाकणाच्या डब्यात घालून मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. माठ सावलीत, वाऱ्याच्या जागी हवा. वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं, पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून गारवा कमी येतो. बाटली बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. बाटल्या साठवू नका, एकेकच आणा. ४० च्या १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात, म्हणजे रोज २० लागत असतील तर ती २० दिवसांत संपते. उघडल्याची तारीख वर लिहा आणि २८ दिवसांनंतर वापरू नका. दुधाळ इन्सुलिन भरण्याआधी बाटली तळहातांत २० वेळा हळू लोळवा, हलवून फेस काढू नका. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला कण चिकटले तर ती टाका. पण दिसायला बरी असलेली बाटलीही उष्णतेनं उतरलेली असू शकते. जेवण-काम तेच असून साखर चढत चालली, तर डोस वाढवायच्या आधी बाटली बदलून पाहा.