युद्धबंदी अडली युद्धबंद्यांपायी

प्रश्न असा आहे: कोरियात १९५३ साली जे झालं त्याला बातम्यांत कधी युद्धबंदी, कधी शस्त्रसंधी, कधी तह म्हणतात. बरोबर कोणतं?

तह तर नाहीच. २७ जुलै १९५३ला पानमुनजोमला सह्या झाल्या त्या लढाई थांबवण्याच्या करारावर. पुढचं ठरवायला तीन महिन्यांत राजकीय परिषद भरवावी, अशी शिफारस त्यातच होती. १९५४ला जिनिव्हात बोलणी झाली, फिसकटली आणि तह राहून गेला तो राहूनच गेला. तरीही ‘कोरियाच्या तहानंतर’ असं वाचावं लागतं आणि माझं डोकं फिरतं. शस्त्रसंधी म्हणा, चोख शब्द आहे.

युद्धबंदीही चालेल, पण या शब्दात मोठी गंमत दडलेली आहे. ‘बंदी’ म्हणजे थांबवणं, जसं दारूबंदी. पण मोर्चेबंदी, तटबंदी, जमाबंदी यांत काय थांबतं? तिथे काहीतरी बांधलं जातं, लावलं जातं. फारसी ‘बंद’च्या पोटात बांधणं आणि अडवणं दोन्ही आहे. मोर्चेबंदीच्या चालीवर गेलो तर युद्धबंदी म्हणजे युद्धाची जुळवाजुळव व्हायची!

आणि युद्धबंदी म्हणजे युद्धकैदीसुद्धा. या ‘बंदी’वर कित्येक जण बिनदिक्कत संस्कृतचा शिक्का मारतात, ‘बन्ध्’ धातू दाखवतात आणि मोकळे होतात. मग ध गेला कुठे? बंधन, बंधारा, बांध, बांधणी, सगळीकडे तो ठणठणीत आहे. एकट्या कैद्याच्याच वाट्याला द का यावा? संस्कृत ग्रंथांत शब्द सापडतो, मान्य. पण सापडला म्हणून तिथेच जन्मला असं होत नाही. इराणी भाषांत मूळचे घ, ध, भ हे ग, द, ब होतात. आपला घर्म तो तिकडचा गरम, आपला भ्राता तो तिकडचा बिरादर, तसाच आपला बंध तो तिकडचा बंद. माझं ठाम मत आहे की कैदी ‘बंदी’ही तिकडूनच आला, फक्त दारूबंदीतल्या बंदीच्या कितीतरी आधी. एकाच आईची लेकरं, वेगवेगळ्या वेळी आपल्या दारात आलेली.

आता कौटिल्य पाहा. ‘पणबन्धः सन्धिः’, अटींनी बांधून घेणं म्हणजे संधी. शस्त्रसंधीतली संधी ती हीच, सुवर्णसंधीतली नव्हे. म्हणजे तिच्या व्याख्येतही तोच बंध!

कोरियात तर हे सगळे बंध एकमेकांत अडकले. बोलणी १० जुलै १९५१ला केसाँगला सुरू झाली. सीमारेषेचं बरंचसं जुळत आलं, घोडं अडलं ते कैद्यांवर. ज्यांना मायदेशी परतायचंच नाही त्यांना जबरदस्तीने धाडायचं का? वर्षाहून अधिक काळ युद्धबंदी अडून राहिली ती युद्धबंद्यांपायी, आणि तोवर माणसं मरत होती. ३ डिसेंबर १९५२ला संयुक्त राष्ट्रांनी भारताचा तोडगा मंजूर केला. पुढे परत जायला नकार देणारे २२ हजारांहून जास्त कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. या कैद्यांचा प्रश्न सोडवायला नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या आणि त्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. इतक्या कैद्यांना कोणत्याही बाजूच्या दडपणाविना सांभाळणं हे केवढं काम होतं! मराठी माणसाला थोरातांचं नाव पाठ असायला हवं.

राहिला वापर. दोन्ही अर्थांचा घोळ होईल असं वाटणाऱ्यांनी विभक्तीकडे पाहावं. लढाई थांबली तर ‘युद्धबंदीची घोषणा’, ती युद्धबंदी. कैदी सुटले तर ‘युद्धबंद्यांची सुटका’, तो युद्धबंदी. कैदी, कैद्यांची, तसं बंदी, बंद्यांची. ‘युद्धबंदींची सुटका’ हे हल्ली रोज कानावर पडतं ते साफ चूक आहे.