देव मानत नाही, नर्स होता येईल का?

प्रश्न : मला नर्सिंगला जायचं आहे. जीवशास्त्र आवडतं, पण फावल्या वेळात तत्त्वज्ञानच वाचते. गेल्या दोन वर्षांत माझा देवावरचा विश्वास उडाला. आजी म्हणते, ''श्रद्धा नसेल तर हे काम तुझ्याच्यानं व्हायचं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला तू कसला धीर देणार?'' बाबांचं वेगळंच. ते म्हणतात, ''एवढं डोकं चालतं, तर बेडपॅन कशाला उचलतेस?'' कुणाचं ऐकू?

उत्तर : आजींपासून सुरुवात करू. त्यांच्या प्रश्नात दम आहे.

हे काम बराच काळ धर्माच्या छायेतच वाढलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1851 मध्ये नर्सिंगचे धडे घेतले ते जर्मनीतल्या कायझर्सवर्थला, एका पाद्र्यानं सुरू केलेल्या संस्थेत. 1837 मध्येच देवानं आपल्याला सेवेसाठी बोलावलं, असं तिनं लिहून ठेवलं आहे. म्हणजे श्रद्धा पक्की. पण युद्धकाळातल्या इस्पितळात सैनिक कशानं मरतात हे तिनं आकड्यांनी शोधलं. रोगराईतून सोडव म्हणून प्रार्थना करायची आणि शहराची गटारं नदीत सोडायची, याचं तिला नवल वाटे. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावानं जी शाळा निघाली, तिथे शिकायला कोणत्याही पंथाची दीक्षा घ्यावी लागत नव्हती. तेव्हा आजींना निवांतपणे सांग, ही अट सुटून दीडशेहून जास्त वर्षं झाली.

मला तुझी काळजी वाटते ती वेगळ्या कारणानं. नुकताच विश्वास सोडलेल्या माणसाला दुसऱ्याचा विश्वास खुपतो. या वयात ते साहजिकच आहे. वॉर्डात मात्र ते महागात पडतं, आणि किंमत पेशंट मोजतो.

समज, मधुमेहाच्या एका बाईंचा उपास आहे. सकाळच्या ड्युटीवरची नर्स तोंड वाकडं करून म्हणते, ''या वयात कसले उपास करता?'' बाई गप्प बसतात. नाश्त्याचं ताट परत जातं, इन्सुलिन मात्र नेहमीच्याच मात्रेत दिलं जातं आणि अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरायला लागतात. साखर खाली गेलेली असते. दुसरी नर्स इन्सुलिन द्यायच्या आधीच सहज विचारते, ''आज काही खाणार आहात का? नसाल तर डॉक्टरांना आधी सांगू या.'' बाई खरं सांगतात. या दुसऱ्या नर्सचा उपासावर विश्वास असेल किंवा नसेल, इथे त्याचा संबंधच नाही.

ऑपरेशनला निघालेल्या माणसाच्या गळ्यातल्या ताइताचंही तेच. धातू अंगावर चालत नाही, कारण शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणानं भाजण्याचा धोका असतो. त्यामुळे तो काढावा लागतोच. पण कसा? चांगली नर्स आधी विचारते, त्यालाच किंवा घरच्यांना काढू देते, पाकिटावर नाव घालते, नोंद करते आणि शुद्धीवर आल्यावर तो कुठे मिळेल हे सांगते. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यानं माणूस थोडा सैल होऊन टेबलावर जातो.

आता मरणाऱ्याला धीर देण्याबद्दल. ''मी काय पाप केलं म्हणून हे भोगतोय?'' असं रात्री तीनला कुणी विचारलं तर ''देवाची मर्जी'' हे उत्तर जितकं चुकीचं, तितकंच ''असं पापबिप काही नसतं'' हेही. दोन्हीत बोलणाऱ्याची सुटका होते, ऐकणाऱ्याची नाही. खुर्ची ओढून बसायचं. तुम्हाला काय वाटतं, असं विचारायचं. दुखतंय का, औषधाची वेळ झाली का, हेही पाहायचं, कारण असह्य कळांमध्ये प्रत्येक प्रश्न जास्त काळा दिसतो. आणि त्याला त्याच्या धर्माचं कुणी भेटायला हवं असेल तर तसा निरोप द्यायचा. सिसली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी जागा. मरणाऱ्याचं दुखणं शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं असं एकत्र असतं, ही त्यांची मांडणी. त्या स्वतः धार्मिक होत्या, पण हॉस्पिसचं दार न मानणाऱ्यांनाही उघडं होतं. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सनं माणसाच्या 14 मूलभूत गरजा सांगितल्या. श्वास, अन्न, झोप यांच्याच यादीत आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणं हीही गरज आहे. त्यात नर्सची श्रद्धा कुठेच नाही.

श्रद्धाळू मुलींना मी उलट बाजूनं सावध करते. न विचारता पेशंटसाठी मोठ्यानं प्रार्थना सुरू करणं हाही अतिक्रमणच आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

काही प्रसंगी मात्र नुसता समजूतदारपणा पुरत नाही. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. भानावर असलेल्या प्रौढ माणसानं परिणाम समजून नकार दिला, तर तुला तो पाळावा लागेल, केसपेपरवर लिहावा लागेल, डॉक्टरांना कळवावा लागेल. आई-बाप लहान मुलासाठी नकार देतात तेव्हा प्रश्न पार बदलतो आणि कायद्यापर्यंत जातो. तुझ्या तत्त्वज्ञानाच्या वाचनाचा कस इथे लागेल.

म्हणून बाबांनाही उत्तर आहे. बेडपॅन उचलावाच लागतो. तेव्हाच पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची खूण, कातडीवरचा पहिला लाल डाग दिसतो, लघवीचा रंग कळतो, आणि लाजेनं अर्धमेलं झालेल्या माणसाची मान राखता येते की नाही तेही कळतं. अनुभवी नर्सला गोष्टी आधीच कशा जाणवतात याचा अभ्यास पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये मांडला, त्याला आधार तत्त्वज्ञ ह्युबर्ट ड्रेफस आणि त्यांचे भाऊ स्टुअर्ट यांच्या विचारांचा होता. पुढे वैद्यकीय नीतिशास्त्र, उपशामक उपचार (आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणारे), नर्सिंगचं अध्यापन या वाटा आहेत. पण त्या वॉर्डातूनच जातात, वाचनालयातून थेट नाही.

एक इशारा. ''ही तर सेवा आहे'' असं म्हणून कुणी जादा शिफ्ट गळ्यात मारली, तर देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोघींनीही ड्युटीचे तास आणि पगार विचारावेत.

प्रवेश घेण्याआधी काही आठवडे एखाद्या हॉस्पिसमध्ये किंवा वृद्धांच्या वॉर्डात स्वयंसेवक म्हणून जा. रात्रपाळी, वास, रडणं, नातेवाइकांचा राग सोसतो का, ते पाहा. कॉलेज एखाद्या धार्मिक संस्थेचं असेल तर विद्यार्थ्यांनी प्रार्थनेला हजर राहायची सक्ती आहे का, हे फॉर्म भरण्याआधी लेखी विचारून घे.