स्वस्त लिथियम चार्जर उघडण्याआधी

ठाणे स्टेशनबाहेरून घेतलेला चार्जर बंद पडला म्हणून लगेच फेकू नका, पण डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. चालू असेल तर 18650 सेल (बोटाएवढा गोल, रिचार्ज होणारा लिथियम-आयन सेल) लावून जवळच बसा आणि अधूनमधून मल्टिमीटरने थेट सेलवर व्होल्टेज बघा. साधा लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला थांबायला हवा. मीटर चांगला असून 4.3 दिसले, तर तो चार्जर माझ्या मते दुरुस्तीच्या लायकीचा नाही. एक व्होल्टवर पडून राहिलेला सेलही तपासायला वापरू नका.

पिना थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जात असतील, तर प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) 325 व्होल्टपर्यंत चार्ज उरू शकतो. आधी मोजा. उरला असेल तर रेझिस्टर लावून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट मुळीच करू नका. यूएसबी केबलमधून 5 व्होल्ट घेणाऱ्या, भिंतीत न जाणाऱ्या चार्जरला ही धास्ती नाही.

आता दोष. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे आधी स्प्रिंग आणि पट्ट्यांवरचा गंज घासून काढा. मग भिंगातून स्प्रिंगच्या सोल्डरकडे नीट बघा. सेल काढून-घालून तिथे केसाएवढी गोल भेग पडते, दिवा लागतो-विझतो तो अनेकदा त्यामुळेच. फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारी पेस्ट) लावून नवं सोल्डर भरा. आउटपुटचा कपॅसिटर डोक्यावर फुगला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (कपॅसिटरची क्षमता), 105 अंश सेल्सिअस रेटिंगचा घाला. व्होल्टेज रेटिंग तेवढंच किंवा जास्त चालेल, कमी नाही. पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) मात्र दोनदा बघा.